वापरण्याआधी एक फोन

दौलतराव साटमांच्या कॉम्प्युटरमध्ये एक हजार चारशे बारा मराठी फॉन्ट होते आणि त्यातला एकही त्यांनी विकत घेतलेला नव्हता. ही गोष्ट ते घरी आलेल्या पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. पाहुण्याला फॉन्ट म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर आधी तेही सांगत, की बाबा रे, एकच 'क' नाना वळणांनी काढता येतो आणि त्या प्रत्येक वळणाची अख्खी बाराखडी कॉम्प्युटरातल्या एका फायलीत मावते. पाहुणा मान डोलवायचा. मग दौलतराव त्याला 'शुभविवाह' हा शब्द अडुसष्ट प्रकारे लिहून दाखवत. तिसाव्याच्या आसपास पाहुण्याला कुठेतरी जायचं असल्याचं आठवे.

सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर दौलतरावांनी ही विद्या हाती धरली होती. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीचा टॉवर झाला, पाच मजल्यांची माणसं बावीस मजल्यांवर विखुरली, पण कुणाकडे बारसं असो, साखरपुडा असो की तेरावं, पत्रिका करायला सगळे सोळाव्या मजल्यावर साटमांकडेच येत. मंडळाचा अहवाल, गोविंदा पथकाचे टी-शर्ट, 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना, सगळं तिथूनच निघे. दौलतराव त्याचा एक पैसा घेत नसत. फुकट मिळालेलं आपण फुकट वाटतो, तर यात कुणाचं काय गेलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यात बँकेतल्या सवयी. इंटरनेटवरून फॉन्ट उतरवला की त्याच्यासोबत एक कागद यायचा, म्हणजे लिहिलेली एक छोटी फाईल. दौलतरावांना ही अडगळ खपत नसे. ती ते न उघडता पुसून टाकत. फॉन्ट करणाऱ्यांनी दिलेली नावंही त्यांना पसंत नव्हती. कुणी आपल्या फॉन्टला नदीचं नाव देतो, कुणी बायकोचं, त्यातून काय बोध होणार. फॉन्टच्या पोटातलं नाव बदलायचं एक सॉफ्टवेअर त्यांनी कुणाकडून तरी मिळवलं होतं. त्याने ते सगळ्यांची नावं कामाप्रमाणे पाडत. 'लग्न-१२'. 'मयत-४'. 'दहीहंडी-जाड'. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी त्यांना एक फार गोंडस फॉन्ट सापडला. भरल्या पोटाची अक्षरं, वरची रेघ टोकाला जराशी उचललेली. त्याचं त्यांनी 'बारसं-३' केलं आणि पुढे बारशापासून मंडळाच्या कमानीपर्यंत सगळीकडे तोच लावला. लोकांना आवडला. मागेल त्याला पेनड्राइव्हवर भरून दिला. विरजण मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणतं का.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण सुभद्राताईंचा मसाला मध्ये आला.

सुभद्राताई, म्हणजे दौलतरावांची बायको, तीस वर्षं लालबागहून मिरच्या आणून, घरी भाजून, मालवणी मसाला कुटून आणत होत्या. अर्धा मसाला नात्यात जायचा, उरलेला ओळखीत. सगळे त्याला 'साटमांचा मसाला' म्हणत. आता साटमांनी त्या मसाल्याला आयुष्यात कधी हात लावला असेल तर तो जेवताना. गेल्या वर्षी दिवाळीत सुभद्राताई एकदम म्हणाल्या, "अहो, मी म्हणते आता नीट पाकिटातून विकू या. आणि पाकिटावर माझं नाव टाकू या."

"टाकू या की. साटम मसाले."

"माझं नाव म्हटलं मी. सुभद्रा."

दौलतरावांना राग नव्हता आला, पण बायकोला असं काही हवं असतं ही बातमी त्यांना छत्तीस वर्षं उशिरा कळत होती. मुलगी मेघना ठाण्याला असते. जाहिरात कंपनीत आहे. तिने फोनवर सांगितलं की तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण पाकीट करून देईल, पप्पांनी उगाच त्रास घेऊ नये. हे 'उगाच' दौलतरावांना लागलं. घरात एक हजार चारशे बारा फॉन्ट असताना बायकोचं नाव बाहेरच्या बाईने काढायचं, म्हणजे सुताराने लेकीच्या लग्नाला पाट भाड्याने आणण्यातला प्रकार. ते म्हणाले, मी करतो. आणि त्यांनी केलं.

सतरा दिवस लागले. नावाला 'बारसं-३' घेतला. 'सुभद्रा'तल्या 'भ'चं पोट त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं, ते त्यांनी दोन्ही बाजूंनी दाबून सडपातळ केलं. मग अख्खं नाव आडवं ताणलं, कारण पाकिटाला रुंदी होती आणि ती वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यावर सोनेरी कड, कडेला सावली, सावलीला धूर, कारण मसाला ताजा आहे हे कळायला नको का. खाली 'घरगुती मालवणी मसाला'. दोन हजार पाकिटं छापून आली तेव्हा सुभद्राताईंनी एक पाकीट उजेडात धरलं आणि बराच वेळ नुसतं नाव बघत राहिल्या. धुराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

जानेवारीत दादरला महिला मंडळांचं प्रदर्शन होतं. सुभद्राताईंची शंभर पाकिटं दुपारपर्यंत संपली. कोकणी मेव्याचं दुकान असलेले एक गृहस्थ येऊन मसाला हुंगून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. अक्षय्य तृतीयेला दुकानात मांडायला तीनशे पाकिटं द्या, खपली तर पुढे बघू. सुभद्राताईंनी ही गोष्ट शेजारी कुणाला सांगितली नाही. मुहूर्तावर आपलं नाव फळीवर लागलेलं बघायचं आणि मगच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दौलतरावांनी मात्र पाकिटाचा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'संकल्पना, अक्षरजुळणी व मांडणी : दौलत साटम'.

मार्चच्या मध्याला नोटीस आली.

नोटीस पुण्याच्या एका मोठ्या लोणची-मसाल्यांच्या कंपनीच्या वकिलाची होती आणि चांगल्या मराठीत होती, त्यामुळे ती जास्तच लागली. 'धोंडू' या नावाच्या फॉन्टचे सर्व हक्क १ मार्चपासून कंपनीकडे आले आहेत. आपण आपल्या मसाल्याच्या पाकिटावर सदर फॉन्टचा व्यावसायिक वापर करत आहात. तो कोणत्या परवान्याखाली, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.

दौलतरावांनी कॉम्प्युटर लावला आणि 'धोंडू' शोधला. नव्हता. 'ध' खाली बघितलं, 'थ' खालीही बघितलं. एक हजार चारशे बारा नावांत धोंडू म्हणून कुणी नव्हताच. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. बँकेत बत्तीस वर्षं ज्याची एक एंट्री चुकली नाही अशा माणसावर हा आळ, आणि तोही कुणा धोंडूच्या नावाने.

ते तडक बाराव्या मजल्यावर लवूनानांकडे गेले. लवूनाना कोर्टाच्या रेकॉर्ड खात्यात चोवीस वर्षं फायली काढून देत होते. त्या फायलींवरची धूळ अंगावर बसली त्याबरोबर कायदाही थोडा बसला असावा असं टॉवरमध्ये मानलं जाई, आणि नाना ते नाकारत नसत.

"तुझ्याकडे तो फॉन्ट आसा की नाय?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मग घाबरतंस कित्या? ॲफिडेव्हिट कर. शपथेवर सांग, माझ्याकडे नाय, मी वापरूक नाय. ॲफिडेव्हिट बघितल्यावर वकील गप बसतत."

"नुसतं पत्र लिहून नाही चालणार?"

"पत्र कोण पण लिहिता."

तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील तिथे आला. त्याला वेगळीच काळजी होती. "काका, उद्या ते आमच्या अहवालावर पण येतील का? आम्ही त्यात जाहिराती घेतो. पण मंडळ म्हणजे घरगुतीच ना? आपल्या घरातलंच आहे." दौलतराव म्हणाले, अर्थात. या टॉवरमध्ये एकशे बारा घरं आहेत आणि ती सगळी आपल्या घरातलीच आहेत, यात त्यांना कधी शंका आली नव्हती. चाळीत दार लोटून घेतलं तरी शेजारी विचारायचा, बरं नाही का.

ॲफिडेव्हिट दौलतरावांनी स्वतःच टाइप केलं. स्टॅम्पपेपर आणायला एक दिवस गेला. नाव चुकून 'दौलतराम' पडलं म्हणून दुसरा आणायला दुसरा. कोर्टाबाहेरच्या नोटरींनी आधारकार्डाची झेरॉक्स मागितली, झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती, लाइट आली तेव्हा नोटरी जेवायला गेले होते. जेवून आल्यावर त्यांनी विचारलं, दोन साक्षीदार कुठे आहेत. लवूनाना एक झाले आणि दुसरा म्हणून त्यांनी तिथल्याच चहावाल्याला उभा केला. शिक्का मारताना नोटरी कागदाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हेडिंग मस्त केलंय हो. असं सुंदर ॲफिडेव्हिट मी पहिल्यांदा बघतोय." दौलतराव विनयाने हसले. वरचं 'प्रतिज्ञापत्र' त्यांनी आपल्या आवडत्या 'बारसं-३'मध्ये घेतलं होतं. सोबतच्या पत्राचं लेटरहेडही त्यातच होतं. पत्राचा शेवट त्यांनी 'आपल्या बेजबाबदार आरोपांमुळे माझ्या प्रतिष्ठेस पोचलेल्या धक्क्याबद्दल' अशा एका वाक्याने केला होता. ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं आणि रात्री जेवताना त्यांनी ते सुभद्राताईंना दोनदा म्हणून दाखवलं.

उत्तर आठव्या दिवशी आलं. वकिलांनी पत्राबद्दल आभार मानले होते आणि नम्रपणे नजरेस आणून दिलं होतं, की सदर फॉन्ट आपण वापरत नसल्याच्या प्रतिज्ञापत्राचं शीर्षक, तसेच आपलं लेटरहेड, हेही 'धोंडू' याच फॉन्टमध्ये आहे. पुढे लिहिलं होतं, की कंपनीला कुणाला त्रास द्यायचा नाही. फॉन्टच्या मूळ परवान्याप्रमाणे ज्यांनी १ मार्चपूर्वी परवानगी घेतली आहे त्यांचा वापर कंपनी मान्य करते. आपल्याकडे तशी परवानगी असल्यास पुरावा पाठवावा. नसल्यास सर्व पाकिटं नष्ट करून तसं कळवावं.

दौलतराव खुर्चीत बसले ते तासभर उठले नाहीत. बत्तीस वर्षांत न चुकलेला माणूस शपथेवर, दोन साक्षीदारांसमोर, सुंदर अक्षरांत खोटं बोलला होता. सुभद्राताईंनी पत्र वाचलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षय्य तृतीयेला एकवीस दिवस आहेत."

त्या रविवारी मेघना आली. तिने वडिलांना लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. फॉन्ट ही कुणीतरी केलेली वस्तू असते. फुकट मिळाली तरी आपली होत नाही, फक्त वापरायला मिळते, आणि कशासाठी वापरायची ते करणारा ठरवतो. तेच सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं.

"घरगुती वापराला तर कुणाची हरकत नसते ना?" दौलतरावांनी विचारलं.

"नसते."

"मग आपला मसाला घरगुतीच आहे. पाकिटावर छापलंय तसं."

मेघनाने आईकडे बघितलं. मग तिने लॅपटॉप उघडला आणि इंटरनेटच्या कुठल्याशा जुन्या कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं ते पान शोधून काढलं. त्यावर तो फॉन्ट होता, आणि सोबतचा कागदही. दौलतरावांनी तो आता पहिल्यांदा वाचला.

'ही अक्षरं माझ्या बाबांची आहेत. बाबा चाळीस वर्षं होड्यांवर नावं काढायचे. आता हात थरथरतो. मी शिवडीच्या बंदरावरच्या जुन्या होड्यांचे फोटो काढून हा फॉन्ट केला. घरच्या कामाला खुशाल वापरा. धंद्यासाठी वापरणार असाल तरी पैसे नकोत. फक्त वापरण्याआधी बाबांना एक फोन करा आणि अक्षरं कुठे लावणार आहात ते सांगा. तेवढी परवानगी पुरे. धोंडू कोळी, कॉटन ग्रीन. नंबर खाली आहे. ते दुपारी झोपत नाहीत. कृपया अक्षरं ताणू नका. – किर्ती'

काळाचौकीहून कॉटन ग्रीन चालत पंधरा मिनिटांवर आहे.

बाराव्या मजल्यावर लवूनानांनी मात्र हा कागद वाचला आणि ते खूश झाले. "अरे, ह्या तर बरा झाला. फोनवरची परवानगी. लेखी कायच नाय. मग तू डिसेंबरात फोन केललंस. म्हाताऱ्याक काय आठवतला? त्याच्याकडून चार ओळी लिहून घे, डिसेंबरात परवानगी दिली म्हणून. काम झाला."

दौलतरावांना हे पटायला नको होतं. पण समोर उरलेली एकोणीसशे पाकिटं होती, त्यातल्या प्रत्येकावर बायकोचं नाव होतं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एकदा शपथेवर खोटं बोललेल्या माणसाला दुसरं खोटं तितकं जड जात नाही, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. त्यांनी सुभद्राताईंना फक्त सांगितलं, की परवानगी मागून बघू. त्या तयार झाल्या. बरोबर त्यांनी मसाल्याची दोन पाकिटं घेतली.

धोंडू कोळी पहिल्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीच्या पुढचा माणूस. बनियन, गळ्यात एक ताईत, आणि समोरच्या स्टुलावर मोबाइल. दार उघडंच होतं. "या, बसा," ते म्हणाले, "मी दुपारचा झोपत नाय."

दौलतराव बसले. त्यांनी पाकीट पुढे केलं. धोंडूबाबांनी ते घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि नावावरून अंगठा फिरवला. अंगठा थरथरत होता.

"ही माजी अक्षरा," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "ह्या 'भ'चा पोट कोनी दाबला?"

"मी. जरा जास्त वाटलं म्हणून..."

"जास्त नाय ते. होडीची फळी वाकडी असते. धक्क्यावरून बघनाऱ्याला सरळ दिसायला पायजे, म्हनून पोट द्यायचा." ते रागावले नव्हते. शाळेतल्या मुलाला दाखवावं तसं हवेत बोट फिरवून त्यांनी दाखवलं.

मग दौलतराव ठरवल्याप्रमाणे बोलले. "बाबा, या पाकिटासाठी मी तुम्हाला डिसेंबरात फोन केला होता. तुम्ही हो म्हणालात. तेवढं जरा लिहून हवं होतं."

सुभद्राताईंनी चमकून नवऱ्याकडे बघितलं.

धोंडूबाबांचा चेहरा एकदम पडला. "फोन केलेला? मना?" त्यांनी उठून कपाटातून एक वही काढली. ती कोरी होती. पहिल्या पानावर फक्त मुलीच्या अक्षरात तीन रकाने आखलेले होते, तारीख, नाव, कुठे लावलं. त्याखाली काही नव्हतं. त्यांनी ते पान उलटलं, पुढचं उलटलं, पुन्हा मागे आले. "किर्तीने सांगितलेला, फोन आला की लिवून ठेव. मी लिवला नाय. माजे ध्यानातनं गेला वाटता." त्यांनी दौलतरावांपुढे हात जोडले. "माफ करा, सायेब. दोन वरसांत एकच फोन आला नि तो पन मी इसरलो."

आता इतका वेळ दौलतरावांच्या फजितीला आपण हसलो, पण इथे त्यांचं काय झालं ते सांगायला हवं. त्यांना रडू आलं. नोटीस आली तेव्हा आलं नव्हतं, ॲफिडेव्हिट उलटलं तेव्हाही नाही. समोर एक म्हातारा माणूस न झालेल्या फोनची माफी मागत होता. त्यांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाले, "बाबा, मी फोन केलाच नाही. मी खोटं बोललो. तुमच्या मुलीचा कागद मी न वाचता फेकून दिला."

फोन आपण विसरलो नाही याचं धोंडूबाबांना आधी बरं वाटलं असावं. मग त्यांनी विचारलं, "म अक्षरा लावली कुठं? या पाकिटावरच?"

"नाही. दोन वर्षं लावतोय."

"कुठं कुठं?"

दौलतरावांनी सांगायला सुरुवात केली. गणेशोत्सवाची कमान, दोन वर्षं. किती फूट, धोंडूबाबांनी विचारलं. चाळीस फूट. अक्षर केवढा? माणसाएवढं. धोंडूबाबा पुढे सरकून बसले. गोविंदा पथकाचे दोनशे टी-शर्ट. पाठीवर की छातीवर? पाठीवर. एकवीस बारशी. चव्हाणांच्या दोन्ही मुलींची लग्नं. पोळी-भाजी केंद्राची पाटी. शिवाय पेनड्राइव्हवरून परळला गेलं, करी रोडला गेलं, तिकडच्या एका क्रिकेट स्पर्धेच्या चषकावरही कोरलं होतं म्हणे. प्रत्येक ठिकाणाबरोबर दौलतरावांचा अपराध वाढत होता आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळत होता. "आजून?" ते विचारत. "आजून कुठं?" त्यांनी वही सुभद्राताईंपुढे सरकवली, कारण त्यांच्या हाताने लिहवत नव्हतं. सुभद्राताई एकेक नाव लिहीत गेल्या. शेवटी, सगळ्यांच्या खाली, त्यांनी आपल्या मसाल्याचं लिहिलं. दीड पान भरलं.

साडेसहाला किर्ती ऑफिसातून आली. तिशीची मुलगी, खांद्याला बॅग. पाहुणे कोण ते तिने वडिलांकडून ऐकलं आणि उभ्या उभ्या वही वाचली. सुभद्राताईंना वाटलं, आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"हे सगळं खरंच लावलं होतं?" तिने विचारलं.

"हो," दौलतराव म्हणाले.

ती त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली. तिथे ती हळू आवाजात बोलली. "काका, दोन वर्षं बाबा रोज दुपारी फोन समोर ठेवून बसले. फोन आले ते कर्ज पाहिजे का विचारणारे. शिमग्याच्या आधी तेच मला म्हणाले, कुणाला नको असलेली वस्तू घरात कशाला ठेवतेस, कंपनीवाले मागतायत तर देऊन टाक. म्हणून मी सही केली." तिने वहीचं ते पान अजून बोटाने धरून ठेवलं होतं. "ही यादी मला फेब्रुवारीत मिळाली असती तर मी दिला नसता. आता माझ्या हातात काही नाही. मला स्वतःलासुद्धा कंपनीला विचारून वापरावा लागतो."

ती रागाने बोलली असती तर दौलतरावांना सोपं गेलं असतं. ते जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर सुभद्राताईंनी एकच विचारलं. "त्या कागदावर नंबर पहिल्या दिवसापासून होता?"

"होता."

मग त्या घरापर्यंत दोन पावलं पुढे चालत राहिल्या.

दौलतरावांनी कंपनीला खरं काय ते लिहिलं, या वेळी हाताने. पाकिटं सुभद्राताईंनी स्वतः कापली. मेघना मदतीला बसत होती, पण त्यांनी तिला बसू दिलं नाही. अक्षय्य तृतीयेला तीनशे पाकिटांऐवजी साध्या पारदर्शक पिशव्या दादरला गेल्या. दुकानदाराने त्यांवर पेनने 'मालवणी मसाला' लिहिलेल्या चिठ्ठ्या डकवल्या आणि चौथ्या दिवशी माल संपल्याचा फोन केला. कुणाचा मसाला म्हणून एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही, असंही त्याने कौतुकाने सांगितलं. सुभद्राताईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नवं पाकीट मेघनाची मैत्रीण करते आहे. ते कसं असावं हे दौलतरावांना कुणी विचारलेलं नाही आणि त्यांनीही विषय काढलेला नाही.

उरलेल्या एक हजार चारशे अकरा फॉन्टांचे कागद त्यांनी शोधायचं ठरवलं होतं. पण नावं त्यांनीच बदललेली. 'लग्न-१२' मूळचा कोण, 'मयत-४' कुणाच्या हातचा, त्या कागदांत कुणाकुणाचे नंबर होते आणि कोण कुठे फोन समोर ठेवून बसलं होतं, हे आता कळायला काही मार्ग नाही.

धोंडूबाबांना मात्र ते फोन करतात, आठवड्यातून एकदा, दुपारी. म्हातारा पहिल्याच घंटेला उचलतो. तब्येत, मासे, हवापाणी होतं आणि मग ते ठरलेलं विचारतात, "अक्षरा आता कुठं लावली, सायेब?" आणि दौलतरावांना दर वेळी सांगावं लागतं, की बाबा, आता कुठेच नाही लावता येत.